माणूस गेला, काम थांबलं नाही. मग मी कशासाठी राबते?

प्रिय ताई,
मी ठाण्यात वर्तकनगरला राहते आणि ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत टीम लीड आहे. वय ३९. आमची टीम एका बँकेचं रात्रीचं प्रोसेसिंग सांभाळते. गेल्या महिन्यात टीममधले सगळ्यात अनुभवी सहकारी हृदयविकाराच्या झटक्यानं अचानक गेले. ४४ वर्षांचे होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. रविवारी पहाटे गेले. सोमवारच्या कॉलवर एक मिनिट शांतता पाळली आणि लगेच त्यांची पेंडिंग कामं कोणाला द्यायची यावर बोलणं सुरू झालं. ती यादी मला करायला सांगितली. मी केली. मंगळवारी त्यांचा आयडी बंद झाला, ग्रुपमधून नंबर काढला गेला. बुधवारी अ‍ॅडमिनची माणसं लॅपटॉप घेऊन गेली आणि ड्रॉवरमधलं सामान एका खोक्यात भरून माझ्या टेबलाखाली ठेवून गेली. ते अजून तिथेच आहे. दहाव्याच्या दिवशी क्लायंटचा रिव्ह्यू होता. जाऊ का विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "इमोशनल होऊन चालत नाही." वहिनींनी पैशांबद्दल विचारलं, तर एचआरनं कळवलं की पाच वर्षं पूर्ण नव्हती, ग्रॅच्युइटी मिळणार नाही. मला पहाटे तीनला जाग येते, छातीत धडधडतं. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसले की वाटतं, उद्या मी गेले तर माझंही असंच होणार. पुढच्या महिन्यात दादांच्या जागी नवा माणूस येतोय. मी नोकरी सोडू का?
– ऐरोलीहून एक वाचक

प्रिय मैत्रिणी,

आधी ग्रॅच्युइटीचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली तेवढी गोष्ट लगेच मार्गी लावता येण्यासारखी आहे. एचआरनं दिलेलं उत्तर चुकीचं आहे. सलग पाच वर्षांच्या नोकरीची अट राजीनामा देणाऱ्याला किंवा निवृत्त होणाऱ्याला असते. कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, तर ती अट लागत नाही. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं होतं आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. दादांनी तिथे जितकी वर्षं काम केलं, त्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन त्यांच्या घरी जायला हवं, आणि रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत जायला हवं. हे फोनवर सांगत बसू नका. वहिनींच्या नावानं चार ओळींचा अर्ज तयार करून द्या, त्यांच्या ईमेलवरून पाठवायला सांगा आणि उत्तर लेखी मागा. असं उत्तर देणारी व्यक्ती बहुतेक वेळा पंचविशीतली असते आणि तिनं आजवर फक्त राजीनाम्याच्या फायली हाताळलेल्या असतात. लेखी मागितलं की फाईल वर जाते, आणि वर कोणाला तरी नियम ठाऊक असतो.

पीएफचंही तसंच. सभासद नोकरीत असताना गेला की कुटुंबाला तीन गोष्टी मिळू शकतात आणि बऱ्याच घरांना त्यातली पहिलीच माहीत असते, ती म्हणजे खात्यात साठलेली रक्कम. दुसरी गोष्ट ईडीएलआय नावाचा विमा. ही योजना १९७६ पासून आहे. हप्ता सगळा कंपनी भरते, पगारातून काहीच कापलं जात नाही, त्यामुळे तो आहे हेच कोणाच्या लक्षात राहत नाही. त्याची कमाल मर्यादा ७ लाख रुपये आहे. काही कंपन्या त्याऐवजी स्वतःचा गट विमा घेतात, पण त्यातला लाभ सरकारी योजनेपेक्षा कमी ठेवता येत नाही. तिसरी गोष्ट १९९५ च्या योजनेतली पेन्शन, पत्नीला आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांना. दादांचं वय पाहता ते या योजनेत असण्याची शक्यता बरीच आहे. पासबुकातला पेन्शनचा रकाना उघडून पाहा, लगेच कळेल. मृत्यूनंतरच्या दाव्यासाठी या तिन्हींचा मिळून एकत्र अर्ज असतो.

वारसाची नोंदही तपासा. आपल्याकडे मुलगा पहिल्या नोकरीला लागताना आईचं नाव टाकतो आणि लग्नानंतर ते बदलायचं राहून जातं. पीएफच्या नियमांप्रमाणे लग्नाआधी केलेली नोंद लग्न झाल्यावर रद्द धरली जाते. त्यामुळे सासूबाईंचं नाव निघालं तरी वहिनींनी हबकून जायचं कारण नाही, कागदपत्रं थोडी जास्त जमवावी लागतील एवढंच. आणि महापालिकेतून मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती एकदमच काढून ठेवा. बँक, विमा कंपनी, पीएफ, सोसायटी, जो तो प्रत मागतो, आणि दर वेळी त्या खिडकीपाशी जाऊन नवऱ्याचं नाव सांगणं हे त्या बाईला फार जड जाणार आहे.

आता तुमची छातीतली धडधड. ती दुःखामुळे असेल, पण तसं गृहीत धरून गप्प बसू नका. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा, ईसीजी काढून घ्या, रक्तदाब बघून घ्या. रिपोर्ट चांगला आला तर पहाटे तीनला उठल्यावर तो रिपोर्ट हाताशी असेल, त्याचाही उपयोग होतो. झोप रुळावर येत नसेल तर १४४१६ या क्रमांकावर फोन करा. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तुमचा राग मी दोनदा वाचला. त्यातला अर्धा मला पटत नाही आणि उरलेला अर्धा पूर्ण पटतो.

काम थांबलं नाही, हा अपमान आहे असं तुम्हाला वाटतंय. ते मला पटत नाही. सोमवारी रात्रीचं प्रोसेसिंग अडलं असतं तर मंगळवारी कोणाचं पेन्शन जमा झालं नसतं, कोणाच्या घराचा हप्ता चुकला असता. ते अडू नये म्हणूनच दादा इतकी वर्षं रात्री-अपरात्री उठून लॅपटॉप उघडत होते. त्यांनी ज्याच्यासाठी झोप मोडली ते त्यांच्या मागे सुरळीत चालू राहिलं, यात त्यांचं उणं काय झालं? माणसं संस्था उभ्या करतात त्यामागे हेच एक मोठं कारण असतं. आपण कायमचे नाही हे प्रत्येकाला आतून कळतं, म्हणून आपल्यानंतरही चालेल असं काहीतरी उभारून ठेवावंसं वाटतं. कायद्यानंही हे मान्य केलंय. कंपनी कायदा, २०१३ च्या नवव्या कलमानं कंपनीला अखंड अस्तित्व दिलंय. सभासद म्हणजे भागधारक येतात-जातात, कंपनी राहते. कायद्याच्या वर्गात यासाठी इंग्लंडमधलं एक उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. युद्धाच्या काळात एका खासगी कंपनीची सर्वसाधारण सभा भरलेली असताना बॉम्ब पडला, सगळे सभासद जागच्या जागी गेले, आणि कंपनी मात्र कायद्याच्या दृष्टीनं जिवंतच राहिली.

पण हे अमरपण कागदावरचं असतं, आणि ठाणेकरांना ते वेगळं सांगायला नको. आपण रिक्षावाल्याला गोल्डन डाईज नाका म्हणतो, नितीन कंपनी म्हणतो, मॉडेला चेक नाका म्हणतो. ज्या कारखान्यांवरून ही नावं पडली ते बहुतेक आज तिथे नाहीत. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत आपली वागळे इस्टेट. तिथल्या कितीतरी शेडमध्ये लेथ होती, आता काचेची ऑफिसं आहेत. त्या प्रत्येक शेडमध्ये कोणीतरी तीस-तीस वर्षं घालवली होती आणि आपल्यानंतर मुलगा इथेच लागेल असं धरलं होतं. कंपनी गेली तेव्हा त्यांच्या हातात काय उरलं? शिकवून तयार केलेली पोरं, गेटबाहेरच्या टपरीवर जमलेल्या मैत्र्या, आणि आपण हात लावलेलं काम बिघडत नसे हा लौकिक. मी अशा अनेक निवृत्त माणसांशी बोलले आहे. कंपनीनं आपल्याला लक्षात ठेवलं नाही अशी तक्रार त्यांच्यापैकी फारच थोडे करतात. फलाण्या फोरमननं हात धरून शिकवलं, हे मात्र प्रत्येक जण सांगतो. तेव्हा कशासाठी राबते याचं उत्तर कंपनीच्या वागण्यात शोधू नका. तिथे ते नसतंच.

आता उरलेला अर्धा. काम चालू ठेवणं वेगळं आणि माणूस कधी नव्हताच असं वागणं वेगळं. तुमच्याकडे हे दुसरं झालं, आणि त्याचा राग येणं अगदी बरोबर आहे.

असं का होतं, यावर एक जुना अभ्यास आहे. इझाबेल मेन्झीस या मानसविश्लेषक बाईंनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधल्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयातल्या परिचारिकांचं काम बारकाईनं पाहिलं. तिथे मृत्यू रोजचाच. मेन्झीस यांना दिसलं की रुग्णालयाची सगळी कार्यपद्धती मृत्यूची भीती कोणाच्या अंगाला भिडू नये अशा बेतानं रचली गेली होती. एका परिचारिकेला एक रुग्ण पूर्णपणे कधी द्यायचाच नाही. तिनं तीस जणांचं एकेक काम करायचं. तिला सतत या वॉर्डमधून त्या वॉर्डमध्ये हलवायचं. रुग्णाला नावानं ओळखायचं नाही, दहा नंबरच्या खाटेवरचं यकृत म्हणायचं. ही पद्धत कोणा दुष्ट माणसानं बसून आखलेली नव्हती. घाबरलेल्या माणसांनी वर्षानुवर्षं थोडी थोडी करून ती बनवली होती. आणि तिचा उपयोग झाला का? नाही. भीती होती तिथेच राहिली, वर कामातलं समाधानही गेलं. शिकाऊ परिचारिकांपैकी जवळपास एक-तृतीयांश मुली शिक्षण अर्धवट टाकून जात होत्या.

तुमच्या पत्रातलं सोमवार ते बुधवार हे वेळापत्रक मला या अभ्यासाच्या शेजारी ठेवून वाचावंसं वाटलं. आयडी बंद करणं आवश्यकच होतं, बँकेच्या सिस्टिमचा प्रश्न आहे. लॅपटॉप परत घेणंही आलंच. पण ग्रुपमधून नंबर मंगळवारीच काढायची काय गरज होती? तिथे कुठलाही डेटा धोक्यात नव्हता. तो नंबर दिसला की काढणाऱ्याच्या पोटात गोळा येत असणार. तुमचे मॅनेजर पन्नाशीच्या आसपास असतील तर ४४ वर्षांचा माणूस रविवारी पहाटे गेला ही बातमी त्यांनी आपल्याच वयाशी ताडून पाहिली असेल. "इमोशनल होऊन चालत नाही" हे वाक्य ते तुम्हाला म्हणाले खरे, पण आधी स्वतःला म्हणून झालं असावं. याचा अर्थ त्यांचं वागणं योग्य होतं असा नाही. दहाव्याला दोन माणसं पाठवून रिव्ह्यू करता आला असता. त्यांच्याशी बोलताना मात्र समोर दगड आहे असं धरून बोलू नका, घाबरलेला माणूस आहे असं धरून बोला. बोलणं वेगळं होईल.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात कार्मिक विभागात होते. तिथे कामगार गेला की गेटवरच्या फळ्यावर खडूनं नाव, खातं आणि तिकीट नंबर, म्हणजे त्याचा कामगार क्रमांक, लिहिला जाई. त्याच्या पाळीतले लोक एक दिवसाचा पगार घरी देत. आणि त्याचं लॉकर कोणी एकट्यानं उघडत नसे. आमच्या विभागातलं एक जण, युनियनचा एक, खात्यातला एक मित्र आणि घरचं कोणीतरी, एवढ्यांच्या समोर कुलूप निघे आणि यादी होई. एका ऑपरेटरच्या लॉकरची यादी मी लिहिली होती. दोन पुडांचा स्टीलचा डबा. सेफ्टी शूज एक जोड. दाढीचा आरसा. साईबाबांचा फोटो. मुलीच्या शाळेची फी भरल्याची पावती. साबणाची अर्धी वडी. वडी काय लिहायची म्हणून मी पेन थांबवलं, तर त्याचा धाकटा भाऊ म्हणाला, "लिहा मॅडम, त्याचीच आहे." लिहिली. सगळ्यांनी खाली सह्या केल्या. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम, आणि त्यासाठी उत्पादन एक मिनिटही थांबलं नव्हतं. तो काळ फार भला होता असं मी म्हणणार नाही. कंत्राटी कामगार गेला तर फळ्यावर नाव लागत नसे, आणि याची खंत मला अजून आहे. तुमच्या मजल्यावर झाडूपोछा करणारी, पँट्रीत चहा देणारी माणसं कोणाच्या यादीत आहेत, हेही एकदा विचारून घ्या.

तर ते खोकं. ते तुमच्या टेबलाखाली असेपर्यंत तुम्हाला झोप लागणार नाही असं मला वाटतं. दादांच्या जवळच्या एका सहकाऱ्याला सोबत घ्या, एक मीटिंग रूम अर्ध्या तासासाठी घ्या, खोकं उघडा आणि एकेक वस्तू लिहून काढा. चार्जर कंपनीचा असेल तर बाजूला ठेवा. बाकी सगळं, चष्म्याची रिकामी केस असली तरी, नीट पिशवीत भरा आणि तुम्ही दोघं मिळून घरी नेऊन द्या. कुरिअर करू नका. जाताना वर सांगितलेले अर्ज बरोबर न्या. वहिनींना दादांच्या ऑफिसातल्या गोष्टी सांगा. ते जेवताना काय बोलायचे, कोणाची खोडी काढायचे, कोणाला अडचणीत हात द्यायचे. दिवसातले नऊ-दहा तास तो माणूस तुमच्यात असायचा आणि त्या तासांबद्दल घरच्यांना काहीच ठाऊक नसतं. ते फक्त तुम्हीच देऊ शकता.

तुमच्या स्वतःच्या दुःखाची अडचण अशी आहे की त्याला कुठे जागाच नाही. घरच्यांना सुतक असतं, दहावा असतो, तेरावा असतो, शेजारीपाजारी पिठलं-भात घेऊन येतात. तुम्ही रोज एकाच रांगेत बसलात, ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून एकच गाडी पकडलीत, आणि तुम्हाला कोणी विचारलंसुद्धा नाही. कंपन्या दुखवट्याची रजा देतात ती रक्ताच्या नात्यासाठी, आणि खासगी नोकरीत तीही कायद्यानं बंधनकारक नाही. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा दुःखावर लिहिलं, ज्याला समाज हक्कच देत नाही. सहकाऱ्याचं दुःख त्यातलंच. असं दुःख हलकं नसतं, ते मोकळं व्हायला वाट मिळत नाही इतकंच.

ती वाट तुम्ही काढू शकता, टीम लीड आहात. मॅनेजरना सांगा: "सर, शुक्रवारी चार ते पाच टीमला दादांबद्दल बोलायला एक तास हवाय. प्रोसेसिंगवर मी दोघांना ठेवते, काही अडणार नाही. तुम्ही आलात तर सगळ्यांना बरं वाटेल." दहाव्याचा विषय त्यात आणू नका, नाहीतर ते बचावाला उभे राहतील आणि तास हातचा जाईल. त्या तासात स्लाइड नको, फोटोला मोठा हार नको, एचआरचं भाषणही नको. ज्याला बोलायचं तो बोलेल, ज्याला नाही तो नुसता बसेल. कोणी रडलं तर रडू द्या. दहाव्याचं बोलणं नंतर, महिन्याभरानं, शांतपणे करा, आणि मागणी नेमकी ठेवा. पुन्हा असं घडलं तर टीममधल्या दोघांना घरी जायची मुभा, आणि कुटुंबाला एचआरमधला एकच माणूस, नाव आणि फोन नंबरासह. याला खर्च काही नाही. मोठ्या कंपन्यांनी मनात आणलं तर याहून कितीतरी अधिक होतं. कोविडमध्ये, २०२१ साली, टाटा स्टीलनं मृत कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला तो साठ वर्षांचा होईपर्यंतचा काळ शेवटचा पगार देण्याची योजना जाहीर केली होती.

नव्या माणसाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. त्याला कदाचित कोणी सांगणारच नाही की तो कोणाच्या जागी आलाय. तो आनंदानं, नवा डबा घेऊन येईल. टीम त्याच्याशी तुटक वागेल, त्याला कळणार नाही आपलं काय चुकलं. एखाद्या दिवशी कोणीतरी म्हणेल, "दादांनी हे पाच मिनिटांत केलं असतं," आणि तो आतल्या आत मिटून जाईल. म्हणून पहिल्याच दिवशी, कामाचं काही सांगण्याआधी, त्याला खाली चहाला घेऊन जा आणि सांगा. इथे आधी कोण बसायचे, ते कसे गेले, टीम अजून सावरलेली नाही, यात तुझा काही दोष नाही आणि तू दादा व्हावंस अशी अपेक्षा नाही. टीमलाही त्याच्या येण्याआधी सांगून ठेवा की तुलना त्याच्यासमोर नको. दादांनी लिहिलेल्या नोट्स, प्रोसेसिंग अडलं तर काय करायचं याच्या पायऱ्या, स्क्रिप्टच्या माथ्यावर लिहिलेलं त्यांचं नाव, हे पुसू नका. नव्या मुलानं पुढे बदल केले तर त्याचं नाव खाली जोडा. कोणी काय केलं हे कळणं कामाच्या दृष्टीनंही चांगलंच असतं. आणि एखादा महिना गेला की त्याच्याकडून त्यात दोन पायऱ्या वाढवून घ्या.

नोकरी सोडायचं म्हणाल, तर आत्ता नको. अ‍ॅडम ग्रँट आणि किंबर्ली वेड-बेन्झोनी यांनी २००९ मध्ये, कामाच्या ठिकाणी मृत्यूची जाणीव झाली की माणसं कशी वागतात, याची एक मांडणी केली होती. त्यांचं म्हणणं असं की या जाणिवेच्या दोन तऱ्हा असतात. एक नुसती भीती. त्यात माणूस पळ काढतो, दांड्या मारतो, उशिरा येतो, नोकरी सोडतो. दुसरी शांतपणे केलेला विचार. त्यात माणसाचं लक्ष दुसऱ्यांकडे वळतं, पुढच्यांसाठी काहीतरी करावंसं वाटतं. तुमच्या पत्रात मला दोन्ही दिसतात. पहाटे तीनची जाग ही पहिली तऱ्हा. वहिनींच्या ग्रॅच्युइटीसाठी जीव तुटतोय ती दुसरी. राजीनाम्याचा विचार तीन वाजता येतो की वहिनींशी बोलताना येतो, हे तुम्हीच बघा. तीन वाजताच येत असेल तर सहा महिने त्याला हात लावू नका.

त्या काळात स्वतःला एकच विचारा: दादा जायच्या आधी मला इथून जायचं होतं का? होतं, तर दुःखानं फक्त आठवण करून दिली. मग नवी जागा बघा, हप्त्यांचा हिशोब मांडा आणि नीट निघा. नव्हतं, तर थांबा. थांबणं म्हणजे पूर्वीसारखंच राबणं नव्हे. रात्री नऊनंतरचे कॉल आळीपाळीनं करा, ते तुमच्या हातात आहे. साठलेली रजा घ्या. दादा ज्या कॉलना रात्री दोनला उठायचे ते एकाच माणसावर का येत होते, हा प्रश्न रिव्ह्यूमध्ये मांडा, कागदावर, तारखांसह. याचं उत्तर कंपनीनं द्यायला हवं आणि तो विचारायची जागा तुमचीच आहे.

"उद्या मी गेले तर माझंही असंच होणार." होय, कामाची यादी कोणीतरी करेल. ती व्हायलाच हवी. पण तुमच्या घरी आज कोणाला तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, ठाऊक आहे का? पीएफला वारस म्हणून कोणाचं नाव आहे, लग्नाआधीचं की नंतरचं? कंपनीचा गट विमा किती आहे, त्याचा कागद कुठे ठेवलाय? येत्या रविवारी यजमानांना शेजारी बसवून हे एका वहीत लिहून काढा. अशुभ काही नाही त्यात. वहिनींची गेल्या महिन्यातली अर्धी धावपळ अशी एक वही असती तर वाचली असती.

डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. आणि ग्रॅच्युइटीचं लेखी उत्तर आलं की त्याचा फोटो मला पाठवा. नकारच आला तर कामगार खात्याकडे अर्ज कसा करायचा, हे मी ते उत्तर वाचून पुढच्या पत्रात सांगते.

तुमची,
ताई